रबरापायी झिजलेला माणूस

दिवाळी उरकली, हवेत गारवा आला की आपल्याकडे घरातली गाडी बाहेर काढण्याचे दिवस सुरू होतात. पुणे-नाशिक रस्त्याला लागायचे, ओझरच्या विघ्नहराचे आणि लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन घ्यायचे, मुलांना शिवनेरी दाखवायचा. कोणी मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकर गाठतो, कोणी माळशेजकडे वळतो. निघण्यापूर्वी तेल-पाणी पाहिले जाते, काच पुसली जाते, बॉनेटला हार घातला जातो. टायरकडे लक्ष गेलेच तर त्याच्या खाचांवरून बोट फिरवून पाहायचे. खाचा खोल लागल्या की टायर चांगला, असा आपला हिशेब. वर्षभर गाडी उभीच होती, मग टायर झिजणार कुठून?

मी बँकेत असताना वाहनकर्जाच्या कितीतरी फायली हातांखालून गेल्या. त्यांत इंजिनाचा नंबर असे, चासीचा नंबर असे, विम्याची तारीख असे. जुनी गाडी असेल तर ती कोणत्या साली बनली तेही असे. टायर कोणत्या साली बनले, हा रकाना मात्र कुठल्याच अर्जात नव्हता. गाडीला वय असते हे सर्वांना मान्य. टायरलाही ते असते, हे कोणाच्या मनात येत नाही.

ते का असते हे समजून घ्यायचे तर एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचे नाव जगभरच्या टायरांवर उठावदार अक्षरांत छापलेले असते. त्याने मात्र आयुष्यात मोटार कधी पाहिली नाही. मोटारगाडी अवतरण्यापूर्वी पंचवीस वर्षे तो कर्जात बुडालेल्या अवस्थेत मरण पावला होता. चार्ल्स गुडइयर त्याचे नाव.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन गावी झाला. वडील अमासा गुडइयर बटणे आणि शेतीची अवजारे बनवीत. मुलगा धार्मिक वृत्तीचा, प्रकृतीने तोळामासा. फिलाडेल्फियात लोखंडी सामानाच्या धंद्यात उमेदवारी करून तो परतला आणि वडिलांचा भागीदार झाला. १८२४ साली क्लॅरिसा बीचरशी त्याचे लग्न झाले. पुढे फिलाडेल्फियात त्याने स्वतःचे दुकान थाटले. दुकान चालले, पण उधारीने घात केला. १८३० च्या सुमारास धंदा बुडाला आणि डोक्यावर कर्ज राहिले. त्या काळी तिथे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकीत. तिशीतल्या गुडइयरची तुरुंगाशी ओळख झाली ती तेव्हाच, आणि ती पुढे जन्मभर टिकली.

रबर तेव्हा नवलाची वस्तू होती. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी झाडाचा चीक काढून त्याचे चेंडू आणि पादत्राणे शेकडो वर्षे बनवीत आले होते. युरोपात हा पदार्थ पोचला तेव्हा त्याचे नेमके काय करावे हे कोणाला उमगेना. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने त्याने पेन्सिलीची रेघ पुसता येते, अशी नोंद केली. आपल्या पोरांच्या दप्तरातले खोडरबर हे त्याचेच वंशज. १८३० नंतरच्या चारपाच वर्षांत अमेरिकेत रबराची अक्षरशः लाट आली. पाणी न शिरणारे बूट, कोट, टोप्या यांचे कारखाने निघाले आणि लोकांनी त्यांचे शेअर घेतले. उन्हाळा आला आणि बूट वितळले, कोट अंगाला चिकटू लागले, त्यांना दुर्गंधी सुटली. हिवाळ्यात तेच रबर लाकडासारखे कडक होऊन तडकू लागले. लाट ओसरली, कंपन्या बुडाल्या.

१८३४ साली गुडइयर न्यूयॉर्कमध्ये अशाच एका कंपनीच्या दुकानात शिरला. पाण्यात तरंगण्यासाठी कमरेला बांधायच्या रबरी पट्ट्याची झडप त्याला सदोष वाटली. तो घरी गेला, सुधारलेली झडप बनवून पुन्हा दुकानात आला. व्यवस्थापकाला ती आवडली, पण त्याने आतली गोष्ट सांगितली. झडपेत काही अर्थ नव्हता. रबरच टिकत नव्हते. विकलेला माल वितळून परत येत होता. ज्याला या रबराला उन्हाळ्या-हिवाळ्यात एकसारखे ठेवता येईल त्याचे नशीब उघडेल, एवढे गुडइयरला कळले. त्याला रसायनशास्त्राचे शिक्षण नव्हते, हाताशी भांडवल नव्हते आणि पाठीमागे धनको लागलेले होते. फिलाडेल्फियाला परतताच तो पुन्हा कर्जापायी तुरुंगात गेला. तिथे त्याने बायकोकडून कच्चे रबर आणि तिचे लाटणे मागवून घेतले. कोठडीत बसून तो रबर मळू लागला, लाटू लागला.

सुटल्यावर हाच उद्योग घरच्या स्वयंपाकघरात सुरू झाला. रबर चिकट आहे ना, मग त्यात एखादी कोरडी पूड मिसळली तर चिकटपणा शोषला जाईल, इतका साधा त्याचा तर्क. मॅग्नेशियाची पूड घालून त्याने शेकडो जोड बूट बनवले. उन्हाळ्यात त्यांचा लगदा झाला. मग चुन्यात उकळून पाहिले. मग नत्राम्लाने रबराचा पृष्ठभाग कोरडा आणि गुळगुळीत होतो असे आढळले. प्रयोगांतल्या वाफांनी तो एकदा गुदमरून मरता मरता वाचला. या आम्लाच्या कृतीचे पेटंट त्याला १८३७ साली मिळाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी येऊन त्याचा भांडवलदार बुडाला. गुडइयर बायकामुलांसह एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहू लागला. अंगात रबरी कोट, डोक्यावर रबरी टोपी, पायांत रबरी बूट. लोक त्याला ओळखायची खूणच सांगत, की असा पोशाख आणि खिशात एक पैसाही नसलेले रबरी पाकीट दिसले, तर तो गुडइयर.

तेवढ्यात सरकारने त्याला टपालाच्या दीडशे पिशव्यांचे काम दिले. पिशव्या तयार झाल्या, छान दिसल्या. त्या उबदार खोलीत टांगून तो काही दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो तो पिशव्या ओघळल्या होत्या. आम्लाने रबराची फक्त वरची कातडी बदलली होती. आत रबर होते तसेच राहिले होते. वरून धड आणि आतून बिघडलेले, हे रबराचे लक्षण पुढे आपल्यालाही उपयोगी पडणार आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याची नॅथॅनियल हेवर्ड या माणसाशी गाठ पडली. रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवले की चिकटपणा कमी होतो, हे हेवर्डने शोधले होते. गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. १८३९ च्या हिवाळ्यात गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता, पण चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती, की ती करपली नव्हती आणि चिकटही नव्हती. गुडइयरने असा तुकडा रात्रभर कडाक्याच्या थंडीत दाराबाहेर ठोकून ठेवला. सकाळी तो जसाच्या तसा लवचीक होता. हा निव्वळ योगायोग होता, असे गुडइयरने कधी मान्य केले नाही. शेगडीवर काहीबाही तर सगळ्यांच्याच घरी सांडते. पण पाच वर्षे त्याच एका गोष्टीचा ध्यास घेतलेल्या माणसाच्याच नजरेला ती पट्टी दिसली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरे हाल पुढेच होते. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, हे ठरवायला आणखी पाच वर्षे लागली. बायकोचा स्वयंपाक झाला की तिच्या भट्टीत रबर जायचे. शेजारच्या कारखान्यांतून वाफ उसनी मागायची. घरातले सामान गहाण पडले. मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली गेली. चार्ल्स आणि क्लॅरिसाची बारा मुले. त्यांतली सहा लहानपणीच गेली. या दिवसांत एक तान्हे मूल दगावले तेव्हा त्याच्या अंत्यविधीलाही घरात पैसे नव्हते. त्याच सुमारास पॅरिसहून त्याच्या जुन्या आम्लाच्या कृतीला मागणी आली. पैसे आयते चालून आले होते. पण लवकरच आपली नवी कृती ती जुनी निरुपयोगी ठरवील, मग ती कशी विकायची, म्हणून त्याने नकार दिला.

बँकेच्या खुर्चीवर असतो तर मी या माणसाला कर्ज दिले नसते. तारण नाही, परतफेडीचा इतिहास वाईट, आणि धंदा म्हणावा तर दहा वर्षांत एकही टिकाऊ वस्तू विकलेली नाही. आणि तरीही त्या पॅरिसच्या पत्राला त्याने दिलेले उत्तर माझ्या नजरेत भरते. विकत घेणाऱ्याला ठाऊक नसलेला दोष आपल्याला ठाऊक असेल तर माल विकायचा नाही, हे त्याने घरात चूल थंड असताना पाळले. क्लॅरिसाचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागेल. त्या लाटण्याची, त्या भट्टीची आणि त्या सहा मुलांची मालकीण ती होती, आणि तिला यात कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

१५ जून १८४४ रोजी अमेरिकेत त्याला पेटंट मिळाले. पण इंग्लंडमध्ये तो चुकला होता. त्याच्या रबराचे नमुने तिकडे पोचले, ते थॉमस हॅन्कॉक या मुरलेल्या रबर कारखानदाराच्या हाती लागले. पृष्ठभागावरची गंधकाची पुसट पूड त्याच्या ध्यानात आली. त्याने आपल्या प्रयोगांती १८४३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे गुडइयरच्या आधी, इंग्लंडमध्ये अर्ज केला. या कृतीला रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून व्हल्कनायझेशन हे नाव मिळाले, तेही हॅन्कॉकच्या एका मित्राने सुचवलेले. अमेरिकेत १८५२ साली होरेस डे या कारखानदाराविरुद्ध मोठा खटला उभा राहिला. गुडइयरच्या बाजूने डॅनियल वेब्स्टर हे त्या काळचे नामवंत वकील आणि मुत्सद्दी उभे राहिले. त्यांची फी पंधरा हजार डॉलर होती. खटला जिंकला. गुडइयरच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही; त्याने परवाने फार स्वस्तात देऊन ठेवले होते.

जे मिळाले ते त्याने प्रदर्शनांत उधळले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने भिंतींपासून टेबलखुर्च्यांपर्यंत सारे रबराचे असे दालन उभारले. १८५५ साली पॅरिसमध्ये त्याहून मोठे. तिथे देणी थकली आणि त्याला पुन्हा कर्जापायी तुरुंगात टाकले गेले. फ्रान्सच्या सम्राटाने दिलेले मानाचे पदक त्याला त्या तुरुंगात, मुलाच्या हातून मिळाले. १ जुलै १८६० रोजी तो न्यूयॉर्कमध्ये मरण पावला. आजारी मुलीला भेटायला निघाला होता. ती गेल्याचे वाटेत कळले. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

पुढचे सारे त्याच्यामागे घडले. बेल्फास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर बनवून १८८८ साली पेटंट घेतले. तशीच कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ सालीच नोंदवली होती, पण तेव्हा तिला गिऱ्हाईक नव्हते. मोटारी आल्या. १८९८ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी फ्रँक सायबरलिंग याने टायरची कंपनी काढली आणि तिला गुडइयरचे नाव दिले. चार्ल्स गुडइयरचा किंवा त्याच्या वंशजांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्या नावाचा कारखाना पुढे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजलाही उभा राहिला. जुन्नर-आंबेगावकडे जाताना लागणाऱ्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात २०१३ पासून एका जपानी कंपनीचे टायर बनू लागले. तिथेही कच्च्या रबरात गंधक घालून ते उष्णतेने भाजले जाते. कृती मुळात शेगडीवरचीच.

गुडइयरने केले काय, हे आज नीट सांगता येते. कच्च्या रबराचे रेणू लांबलांब धाग्यांसारखे असतात, शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरणारे. उष्णता दिली की गंधक या धाग्यांत जागोजागी गाठी मारतो. मग ताणले तरी धागे सुटत नाहीत आणि सोडले की मूळ जागी येतात. त्यामुळे रबर उन्हाळ्याला आणि हिवाळ्याला पुरून उरले. काळाला मात्र नाही. हवेतला प्राणवायू रबरात शिरतच राहतो. तो काही धागे तोडतो, काही ठिकाणी नको तितक्या गाठी मारतो. रबर हळूहळू कडक आणि ठिसूळ होते. जितकी उष्णता जास्त, तितका हा कारभार वेगाने चालतो. कारच्या टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यांना धरून ठेवणारे रबरही असेच आतून कडक होते, कारण टायरमधली दाबाखालची हवा आतल्या बाजूनेच त्यात झिरपत असते. मग एखाद्या दिवशी ताशी नव्वदच्या वेगात, ऐन उन्हात, पट्टा सुटतो आणि वरचा थर उलगडून येतो. खाचा तशाच खोल असतात. टपालाच्या त्या पिशव्या आठवाव्यात.

गाडी उभी ठेवल्याने टायर टिकतो, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. टायरच्या रबरात मेण आणि संरक्षक रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो-फुगतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येतात आणि हवेतल्या ओझोनपासून त्याला वाचवतात. उभ्या गाडीत हे घडत नाही. बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडू लागतात. डिकीतली स्टेपनीसुद्धा म्हातारी होतच असते, आणि नेमकी अडचणीच्या वेळी बाहेर येते.

आपल्या नियमांत खाचांची खोली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर. वयाची अट नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघे मेले. तो टायर १९ वर्षांहून जुना होता, आणि तो वापरणे बेकायदा नव्हते. पोटचा मुलगा गमावलेल्या एका आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी झाली. अमेरिकेत एका मोठ्या विमा कंपनीच्या २००२ ते २००६ मधल्या दाव्यांची छाननी झाली, तेव्हा टायरविषयीचे ७७ टक्के दावे पाच उष्ण राज्यांतले निघाले, आणि त्या कंपनीचे जेमतेम २७ टक्के ग्राहक तिथे राहत होते. त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. आपला एप्रिल-मे कसा असतो हे चाकणपासून आळेफाट्यापर्यंतच्या रस्त्यावर भरदुपारी गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात माळशेजच्या ओल्या उतारावर धोक्याचे रूप बदलते. तिथे कडक झालेले रबर रस्ता धरीत नाही.

टायरचे वय पाहणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे उमटवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. बाहेरून दिसले नाहीत तर चाकाच्या आतल्या बाजूला पाहावे. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. बऱ्याच मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदलायला सांगतात. दहा वर्षे ही टायर बनवणाऱ्यांनीच सांगितलेली शेवटची मर्यादा, मग खाचा कितीही ताज्या दिसोत. भेगा, फुगवटा किंवा चालताना नवी थरथर जाणवली तर वयाचीही वाट पाहू नये. जुना टायर विकत घेताना आधी हे चार आकडे वाचावेत. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला कोरा टायरही नवा नसतो. आणि हवा कमी ठेवू नये. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो, म्हणजे अधिक लवकर म्हातारा होतो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. चार टायर एकदम बदलायचे म्हटले की महिन्याचे गणित कोलमडते, हे मला कळते. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून रात्रीत वाशी गाठणाऱ्या पिकअपवाल्याला ते अधिकच कळते. त्याचा टायर म्हातारा होण्याआधीच घासून गोटा होतो. वयाचा प्रश्न खरा आहे तो महिन्यातून चार वेळा निघणाऱ्या आपल्या घरगुती गाडीचा. तिचे टायर दिसायला तरुण राहतात. वर्षाला थोडी रक्कम बाजूला टाकली तर सहाव्या-सातव्या वर्षी त्यांचे पैसे तयार असतात. बँकेत याला घसारा म्हणतात, घरात तरतूद म्हणावे.

काढलेला टायर आपल्याकडे वाया जात नाही. जुन्नर-आंबेगावच्या शिवारात तो चाऱ्याच्या गंजीवरच्या ताडपत्रीला वजन म्हणून पडलेला दिसतो, झाडाला झोपाळा म्हणून टांगलेला दिसतो. आदिवासी पाड्यांवर त्याच्या चपलांनी कित्येक पावसाळे काढले. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या या ऊसपट्ट्यात टायरगाडी बैलांच्या चालीने चालते. तिथे वेग नाही, म्हणून ते तापणेही नाही. या कामांत टायर दगावला तर माणूस दगावत नाही. पुढच्या रविवारी ओझरला निघण्याआधी बॉनेटला हार घालताना जरा खाली वाकून ते चार आकडे वाचावेत. स्टेपनीचेही.